आराखडा आणि उत्स्फूर्तता : तंजावरच्या निरूपणपरंपरेतील दीर्घ प्रयोगाची तंत्रे

१. प्रश्नाचे स्वरूप

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी नाटके आणि निरूपणे प्रथमच वाचणारा अभ्यासक बहुधा काहीसा निराश होतो. कथानक सर्वपरिचित असते, पदे लहान असतात. पात्र येते, आपली ओळख सांगते, एखादे पद होते आणि गद्य संवाद जेथे रंगू लागावा तेथेच पुष्कळदा आटोपतो. मराठी वाङ्मयेतिहासाने या रचनांची दखल मुख्यतः कालक्रमाच्या वादापुरती घेतली. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यापूर्वी सुमारे दीड शतक तंजावरला शाहराज भोसले (कारकीर्द १६८४–१७१२) यांच्या नावावर ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक आढळते. तेव्हा मराठी नाटकाचा आरंभ कोठे मानावयाचा, हा तो वाद. त्याच्या निकालाने तंजावरला मान दिला जातो अथवा नाकारला जातो. पण त्या संहिता वाचावयाच्या कशा, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या लेखनापैकी बरेचसे, विशेषतः निरूपणे, ही वाचनासाठी पूर्ण केलेली कृती नसून प्रयोगासाठी आखलेला आराखडा आहे. कागदावर जे नाही ते कवीला सुचले नाही म्हणून नव्हे, तर ते प्रयोगकर्त्याने आयत्या वेळी निर्माण करावयाचे होते म्हणून नाही. तीन-चार तास किंवा रात्रभर चालणारा उत्स्फूर्त प्रयोग कोणत्या तंत्रांच्या आधारे उभा राहतो हे समजून घेतले, तर या संहितांतील ‘त्रुटी’ त्यांचा व्यापार सांगू लागतात. शिवाय तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची एक गोष्ट स्पष्ट होते : तंजावरहून मराठीतून तमिळमध्ये जे गेले ते प्रामुख्याने ग्रंथ नव्हते, तर एक प्रयोगतंत्र होते.

२. तंजावरची भूमी

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पावपटीत स्थापन केलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या चारही भाषा नांदत होत्या. शाहराजांची नाट्यरचना मराठीइतकीच, किंबहुना अधिक, तेलुगूत आहे. तेलुगू यक्षगानातील ‘दरू’ हा गीतप्रकार तंजावरच्या मराठी नाटकांतही येतो. त्याच काळात रामदासी संप्रदायाचे मठ या प्रदेशात स्थिरावले. तंजावरला भीमस्वामी, मन्नारगुडीला मेरुस्वामी अशा नावांशी ही परंपरा जोडलेली आहे. दरबारातील नाटक आणि मठातील कीर्तन हे दोन प्रवाह एकाच गावात, बहुधा एकाच श्रोतृवर्गासमोर वाहत होते.

दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) काळात ‘निरूपण’ या शब्दाला नृत्यसंगीताच्या क्षेत्रातही स्थान मिळाले. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात एकाच कथेच्या सूत्रात ओवलेले रचनाप्रकार ठरावीक क्रमाने येतात. या नावातील ‘जिन्नस’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. जिन्नस म्हणजे साहित्याची यादी. पाक त्यातून सिद्ध व्हावयाचा असतो.

अर्थात तंजावरचे सर्वच लेखन असे आहे, असा दावा नाही. सरफोजीराजांची ‘देवेंद्र कुरवंजी’ ही जगाच्या भूगोलाचे ज्ञान देणारी मराठी रचना आहे. देशांची आणि शहरांची नावे आयत्या वेळी सुचू शकत नाहीत, म्हणून तिचा तपशील लेखनात बांधून टाकावाच लागतो. तंजावरजवळच्या मेलट्टूर येथील भागवतमेळ्यात आजही सादर होणारी वेंकटराम शास्त्री यांची तेलुगू नाटकेही बऱ्याच अंशी संहितेला बांधलेली आहेत. एकाच परिसरात बांधीव आणि मोकळ्या अशा दोन्ही प्रकारच्या संहिता होत्या. अभ्यासकाने प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे समोरची संहिता कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे.

३. प्रयोगाची तंत्रे

नारदीय कीर्तनाचा सांगाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. नमनानंतर संतवचनाचे मूळपद, त्यावरील निरूपणाचा पूर्वरंग, मध्ये नामगजर, मग आख्यानाचा उत्तररंग आणि शेवटी मूळपदाकडे परतून आरती. हा सांगाडा धार्मिक विधी म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने पाहिले तर तो वेळेचे नियोजन आहे. कोणत्या टप्प्यावर काय पोचले पाहिजे हे निश्चित असल्यामुळे दोन टप्प्यांमधील वाट मोकळी ठेवता येते. या मोकळ्या वाटेवर चालण्याची साधने पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले साधन वृत्तांचे. निरूपणात ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या हे प्रकार आलटून पालटून येतात, ते केवळ वैचित्र्यासाठी नव्हे. ओवीचे चरण लवचीक असतात. पहिल्या तीन चरणांचे यमक जुळले की चौथा आखूड चरण सुटा राहू शकतो. त्यामुळे कोणतेही नाव, कोणताही प्रसंग तीत चटकन बसतो, आणि आयत्या वेळी रचना करणाऱ्याला ती सर्वांत सोयीची. साकीच्या चरणात १६ आणि १२ अशा २८ मात्रा असतात. लांब श्वासाचा हा छंद कथा पुढे ढकलतो. दिंडीच्या चरणात ९ आणि १० मिळून १९ मात्रा. तिची ठाय चाल करुणाला अनुकूल मानली गेली आहे. प्रत्येक प्रकाराची चाल श्रोत्यांच्या कानात बसलेली असल्यामुळे शब्द कळण्यापूर्वीच ‘आता कथा थांबणार’ किंवा ‘आता धावणार’ ही सूचना त्यांना मिळते. वृत्त येथे प्रयोगाच्या गतीची खूण असते.

दुसरे साधन साथीचे. कीर्तनकार पदाची ओळ म्हणतो, मागचे साथीदार ती उचलतात. तमिळ हरिकथेत या मागून गाण्याला ‘पिन्पाट्टु’ म्हणतात. श्रोत्यांना हा स्वरांचा आनंद असतो; कथेकऱ्यासाठी तो विचाराचा अवधी असतो. पालुपद दोनदा फिरते तेवढ्यात पुढचे वाक्य सिद्ध होते. हातातील चिपळ्या आणि झांज याही केवळ तालवाद्ये नाहीत. त्यांच्या एका ठोक्याने पद तोडता येते, मृदंगाला सूचना देता येते, विस्कटलेल्या सभेचे लक्ष परत आणता येते.

तिसरे साधन साठवलेल्या प्रसंगांचे. स्वयंवराचा मंडप, अरण्यवर्णन, युद्धाची तयारी, विरहिणीचा विलाप, दूताचे आगमन : हे प्रसंग अनेक आख्यानांत येतात. कथेकऱ्याजवळ प्रत्येकाचा एक छोटा आणि एक मोठा पाठ तयार असतो. सभा पाहून तो कोणता वापरावयाचा हे ठरते. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात बाल्कन प्रदेशातील गायकांविषयी जे दाखविले, ते येथेही बऱ्याच अंशी लागू पडते. मौखिक कवी पाठ केलेले काव्य म्हणत नाही आणि शून्यातूनही रचत नाही. तयार घटकांची नवी जुळणी करीत तो त्या क्षणी काव्य घडवितो. कीर्तनातील फरक इतकाच की येथे काही घटक, म्हणजे संतांचे अभंग, अक्षरशः स्थिर असतात. स्थिर अभंग आणि वाहते निरूपण यांच्या आलटापालटीतून कीर्तनाचा ताण निर्माण होतो.

चौथे साधन दृष्टान्ताचे. आख्यानाचे स्थळ आणि काळ पुराणातले असतात. दृष्टान्ताचे आजचे, याच गावातले. दृष्टान्त लांबवता येतो, आखडता येतो, गाळताही येतो. म्हणून प्रयोगाची लांबी त्याच्यावर तोलली जाते. परंतु त्याची एक अट असते. कोणत्या शब्दावर कथा सोडली तो शब्द ध्यानात ठेवून त्याच शब्दावर परतावे लागते. परतण्याचा शब्द हरवला की कथा फुटते, आणि अनुभवी श्रोत्याला ते तत्काळ कळते.

पाचवे साधन पात्रांतराचे. एकच व्यक्ती रुक्मिणी, ब्राह्मण, श्रीकृष्ण आणि निवेदक असे सारे होते. वेष बदलत नाही; उपरण्याची टोके, मानेचा कल, नजरेची उंची आणि स्वरस्थान बदलते. यातील सूक्ष्म भाग असा की दोन पात्रांच्या संवादात निवेदकही तिसरा उपस्थित असतो. तो कोणत्याही क्षणी संवाद थांबवून श्रोत्यांकडे वळू शकतो. नटाला ही मुभा नाही. एकट्याने केलेला दीर्घ उत्स्फूर्त प्रयोग थकत नाही, याचे एक कारण या तिसऱ्याची सोबत हे आहे.

ही साधने एकत्र कशी चालतात हे पाहण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. रुक्मिणीने ब्राह्मणाहाती पत्र धाडले आहे आणि श्रीकृष्णाच्या येण्याला विलंब होत आहे. आराखड्यात येथे फक्त ‘दिंडी : रुक्मिणीची चिंता’ एवढाच निर्देश आहे असे समजू. कथेकरी दिंडी म्हणतो, साथ ती फिरवते. सभेतील वडीलधाऱ्या स्त्रिया स्तब्ध झालेल्या त्याला दिसतात. तो उत्तरार्ध लगेच उचलत नाही. माहेरी पत्राची वाट पाहणाऱ्या मुलीचा दृष्टान्त घेतो, ‘वाट’ या शब्दावर कथा सोडतो आणि पाच मिनिटांनी ‘वाट’ याच शब्दावर रुक्मिणीच्या गवाक्षात परत येतो. आता साकी सुरू होते, ब्राह्मणाची पावले ऐकू येतात, चिपळ्यांची लय चढते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सभेपुढे हाच प्रसंग दीड मिनिटात उरकला जाईल. हस्तलिखितात दोन्ही दिवसांची नोंद त्या एकाच ओळीची असेल. ती ओळ ‘त्रोटक’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा पाकाची चव जिन्नसांच्या यादीत शोधत असतो.

४. सजातीय परंपरांची साक्ष

कागदावरील रिकामी जागा प्रयोगात भरली जाते, हे केवळ अनुमान नाही. महाराष्ट्रातच त्याचे दोन भक्कम पुरावे आहेत.

पहिला पुरावा भावे यांच्याच नाटकांचा. त्यांच्या खेळांत सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आपापले गद्य भाषण आयत्या वेळी करीत. म्हणूनच १८८५ साली भावे यांनी आपल्या रचना प्रसिद्ध केल्या तेव्हा त्या ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून झाल्या. छापावयाची ती कविता, भाषणे नव्हेत. वि. ज. कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकाबरोबर जी ‘बुकिश’ नाटके आली, त्यांच्या या उपहासवजा नावातच तत्कालीन रंगभूमीची रीत दडलेली आहे. नाटक पुस्तकात असणे हीच नवलाची गोष्ट होती. तंजावर आणि सांगली यांत ‘पहिले कोण’ याची तुलना आपण करीत आलो; दोन्हीकडे लेखन आणि प्रयोग यांचे नाते एकाच प्रकारचे होते, ही तुलना मात्र राहून गेली.

दुसरा पुरावा जिवंत आहे : सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावतार. रात्रभराच्या या खेळाला परंपरेने लिखित संवाद नसतात. प्रयोगापूर्वी आख्यानाची रूपरेषा ठरते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे आणि प्रवेशांचा क्रम काय हे सांगितले जाते, आणि संवाद रंगमंचावर घडतात. पूर्वरंगात गणपती आणि संकासुर येतात, उत्तररंगात आख्यान. येथे साधने तीच असली तरी अडचण वेगळी आहे. बोलणारे अनेक असल्यामुळे एकमेकांचे ऐकणे हा पहिला नियम ठरतो. समोरच्या पात्राने जे नाते, जे ठिकाण किंवा जो पूर्ववृत्तान्त उच्चारला तो खोडावयाचा नाही. तो धरूनच पुढे बोलावयाचे. दुसरा नियम असा की आपले भाषण अशा वाक्यावर संपवावयाचे की समोरच्याला उत्तराची जागा मिळावी. पेटीवर बसलेला गायक लांबलेला संवाद पदाने तोडतो. कीर्तनात चिपळ्या जे काम करतात, ते येथे पेटी आणि मृदंग करतात.

तमिळ प्रदेशातील तेरुक्कूत्तूमध्ये कट्टियक्कारन नावाचे पात्र प्रवेश करणाऱ्या प्रत्येक राजाला अडवून त्याचे नावगाव विचारते, त्याची थट्टा करते आणि आजच्या गावगोष्टी पुराणात घुसवते. आपल्या तमाशातील सोंगाड्या त्याचा जवळचा नातेवाईक म्हणावा लागेल. कीर्तनकाराचा दृष्टान्त आणि कट्टियक्कारनाची थट्टा यांचे कार्य एकच : बांधलेल्या कथेला आजच्या काळाकडे उघडणारी खिडकी ठेवणे.

भारताबाहेर पाहिले तर इटलीतील कोमेदिया देल्लार्तेचे उदाहरण ठळक आहे. फ्लामिनियो स्काला यांनी १६११ साली ५० कथाराखडे प्रसिद्ध केले. त्यांत प्रवेशांचा क्रम आणि घटना आहेत, संवाद नाहीत. त्या आराखड्यांना कोणी अपुरी नाटके म्हणत नाही, कारण त्यांची जात संशोधकांनी आरंभीच ओळखली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत डेल क्लोज यांच्या नावाशी जोडला गेलेला ‘हॅरॉल्ड’ हा दीर्घ उत्स्फूर्त नाट्यप्रकार श्रोत्यांनी सुचविलेल्या एका शब्दापासून सुरू होतो. त्यातून स्वतंत्र प्रसंग फुटतात, ते फेऱ्याफेऱ्यांनी पुन्हा येतात आणि अखेरीस एकमेकांत गुंफले जातात. मूळपदापासून निघून मूळपदाशी परतणाऱ्या कीर्तनाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा. हॅरॉल्डमध्ये कथा कोणालाच माहीत नसते. कीर्तनात ती सर्वांना माहीत असते. तेथील औत्सुक्य ‘काय होणार’ याचे, येथील ‘आज कसे होणार’ याचे. उत्स्फूर्तता म्हणजे अज्ञाताची निर्मिती, ही व्याख्या आपल्या परंपरांना पुरत नाही.

५. तंत्राचे स्थलांतर

तंजावरची खरी विशेषता यापुढे दिसते. मराठी कीर्तन दक्षिणेत केवळ मराठीभाषकांपुरते राहिले नाही. मेरुस्वामी हेच नाव धारण करणारे, ‘कोकिलकंठ’ म्हणून गाजलेले एकोणिसाव्या शतकातील कीर्तनकार त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ (कारकीर्द १८२९–१८४६) यांच्या दरबारी होते. त्या राजाची ‘कुचेलोपाख्यान’ आणि ‘अजामिलोपाख्यान’ ही आख्याने या संपर्काशी निगडित आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्या तंजावर येथील कीर्तनांनी स्थानिक कथाकारांना नवी दिशा दिली. त्यांतूनच तंजावर कृष्ण भागवतर (मृत्यू १९०३) यांनी तमिळ कथाकालक्षेपाला त्याचे स्थिर रूप दिले. पुढे सी. सरस्वतीबाई यांच्यासारख्या स्त्रियांनी पुरुषांची मानली गेलेली ही व्यासपीठे मिळवली.

या संक्रमणात काय गेले आणि काय राहिले? मराठी आख्यानकाव्ये ग्रंथ म्हणून तमिळमध्ये फारशी गेली नाहीत. गेले ते ‘निरूपणम्’ हे नाव, पंचपदीचा आरंभ, साकी, दिंडी, ओवी आणि अभंग यांच्या चाली, साथ आणि चिपळ्या. तमिळ भागवतर साकीच्या चालीत तमिळ शब्द घालू लागले, मधूनच मराठी अभंग जसाच्या तसा म्हणू लागले आणि कथेत कर्नाटक संगीतातील कीर्तने गुंफू लागले. कृष्ण भागवतर ज्यासाठी विशेष प्रसिद्ध झाले ते गोपालकृष्ण भारती यांचे ‘नंदनार चरित्रम्’. नंदाची कथा बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणा’तील, पूर्णतः तमिळ भूमीतील आहे : चिदंबरच्या दर्शनाची आस धरलेल्या अस्पृश्य भक्ताची. मराठी श्रोत्याला येथे चोखोबांची आठवण व्हावी इतके भावसाम्य आहे. तरीही ही कथा चोखोबांची रूपांतरित कथा नव्हे. कथा तमिळ, आराखडा मराठी. आणि या आराखड्यामुळे ती शेकडो सभांत वेगवेगळ्या रीतीने सांगता आली.

तौलनिक अभ्यासात आपण प्रभाव शोधतो तो सहसा कृतींमध्ये : अमुक ग्रंथाचे भाषांतर, अमुक कथानकाची उचल. तंजावरची साक्ष सांगते की दोन भाषांमध्ये तंत्र स्वतंत्रपणे प्रवास करू शकते, आणि असा प्रवास ग्रंथसूचीत दिसत नाही. तो चालींत, लयींत आणि परतण्याच्या शब्दांत दिसतो. त्याच काळात आदिभट्ल नारायणदासू (१८६४–१९४५) यांच्याकडून तेलुगू हरिकथा समृद्ध होत होती, हे लक्षात घेतले तर दक्षिणेतील हरिकथांचा इतिहास कृतींच्या नव्हे, तंत्रांच्या इतिहासाच्या अंगाने पुन्हा लिहिण्याची गरज जाणवते.

६. संपादनाचा प्रश्न

या विवेचनाचा एक व्यवहार्य परिणाम आहे. तंजावरच्या निरूपणांचे संपादन करताना आपण बहुधा शुद्ध पाठ सिद्ध करण्यावर भर देतो : पाठभेद तळटीपेत, राग-तालांचे आणि वृत्तांचे निर्देश जमल्यास कंसात. नाटककाराच्या बांधीव संहितेला ही पद्धत योग्य आहे. आराखड्याच्या बाबतीत मात्र वृत्तनिर्देश हाच मुख्य पाठ असतो, कारण गती कोठे बदलावयाची हे तो सांगतो. पदांमधील अंतर ही उणीव नसून मोकळी ठेवलेली जागा असते. एकाच निरूपणाच्या दोन प्रतींत पदांचा क्रम निराळा असेल, तर त्यांतील एक चूक आणि एक बरोबर असे धरण्यापूर्वी त्या दोन वेगळ्या प्रयोगांच्या खुणा असू शकतील का, हे तपासले पाहिजे.

या कामाला फार वेळ उरलेला नाही. तंजावरच्या महाराष्ट्रीय कुटुंबांची घरातील मराठी टिकून असली, तरी त्या मराठीतून रात्रीचे निरूपण ऐकलेले कान कमी होत चालले आहेत. तमिळ हरिकथा सभागृहांत सुरू आहे. पण दोन-अडीच तासांच्या मर्यादेत आणि ध्वनिमुद्रणाच्या सवयीत दृष्टान्त आखडतो आणि एकदा गाजलेला पाठ पुन्हा पुन्हा तसाच म्हटला जातो. आराखडा आणि उत्स्फूर्तता यांपैकी कागदाने पहिला जपला आहे. दुसरी ज्यांच्या अंगात आहे त्या भागवतरांना आणि कोकणातील दशावतारी नटांना ही हस्तलिखिते दाखवून ‘येथे तुम्ही काय केले असते?’ असे विचारणे, हे माझ्या मते या हस्तलिखितांच्या वाचनातील पुढचे पाऊल होय. त्यांचे उत्तर पाठचिकित्सेच्या कोणत्याही तळटीपेपेक्षा मूळ संहितेच्या अधिक जवळ जाणारे असेल.